काडीची सावली

नूपुर कुठल्याही नव्या वस्तूला आधी बोट लावत नाही. आधी काडी लावते. आइस्क्रीमची चपटी लाकडी काडी, एका टोकाला चावून चावून मऊ झालेली. भिंत असो, मांजर असो की वरणाची वाटी, काडीचं टोक पुढे जाऊन चौकशी करून येतं, मग पाहिजे तर नूपुर जाते. बहुतेक वेळा जातच नाही. सात वर्षांची आहे. कान तिखट आहेत आणि आपण समजतो त्याहून तिला जास्त समजतं. फक्त तोंडातून शब्द येत नाही.

तिची आई माया आमच्याच गल्लीत राहते, वाडीला. बाप धम्मानंद ट्रक चालवतो, तो आज रायपूर तर उद्या इंदूर. मी शाळेतून निवृत्त झाले त्याला बराच काळ लोटला, पण पोरांशिवाय मला करमत नाही. म्हणून भैय्याजींनी त्यांच्या ट्रान्सपोर्टच्या गोदामातली रस्त्याकडची खोली मला दिली आहे. एरवी तिथे जुन्या ताडपत्र्या पडलेल्या असतात. संध्याकाळी गल्लीतली पोरं तिथे बसतात आणि मी त्यांना जे येतं ते शिकवते. नूपुरही येते, ताडपत्र्यांच्या गठ्ठ्यावर बसते आणि काडी चावते.

नूपुरला चित्रांतून बोलायला शिकवा, असं दवाखान्यातल्या ताईंनी मायाला सांगितलं होतं. पाण्याच्या चित्राला हात लावला की यंत्र म्हणेल, मला पाणी पाहिजे. मायाने हौसेने मोबाइलवर तशी चित्रं घेतली. नूपुरने पेल्याच्या चित्रावर काडी टेकवली आणि वाट पाहिली. मोबाइल गप्प. त्याची काच अंगातली बारीकशी वीज ओळखते, लाकडात ती कुठून यायची? मायाने तिचं बोट धरून काचेवर टेकवायचा प्रयत्न केला, तर पोरगी किंचाळली. त्या दिवसापासून मोबाइलवर ती चित्रं दिसली की नूपुर मोबाइल पालथा घालते.

"माही पोरगी एकदाच विचारते मॅडम," माया मला म्हणाली होती. "जवाब नाई भेटला तर दुसऱ्या खेपेले विचारत नाई. मी हाय तोवर तिच्या डोळ्यावरून समजून घेतो. पण बाकीच्याईले काय समजते?"

म्हणजे नूपुरसमोर पुढची वस्तू ठेवायची ती एकदाच, आणि ती पहिल्या झटक्यात बोलली पाहिजे.

जरीपटक्याच्या बाजारात माझ्या जुन्या विद्यार्थ्याचं, अंकुशचं, जुन्या कॉम्प्युटरांचं दुकान आहे. मी त्याला सगळं सांगितलं. तो आतून एक भला मोठा टचस्क्रीन मॉनिटर घेऊन आला. काळी चौकट, काचेच्या थोडी पुढे आलेली.

"कपड्याच्या दुकानात लागला होता मॅडम. याले बोटच लागते असं काही नाई. लाकूड चालते, पेन चालते, हे पाहा..." असं म्हणून त्याने नाक टेकवलं, आणि खरोखरच पडद्यावरची साडी बदलली.

"शाळेत असतानाही तू नको तिथेच नाक लावायचास," मी म्हणाले.

तो हसला. "न्या जी तुम्ही. फक्त चौकट साफ ठेवा. बाकी याले काही लागत नाई."

मॉनिटर खोलीत आला तो दसऱ्याच्या आदल्या दिवशी. दसराच आम्ही ठरवला होता, कारण वर्षात तोच एक दिवस असतो जेव्हा गोदामाचं काम बंद असतं. ट्रक मागेपुढे होत नाहीत, हमाल ओरडत नाहीत. मोठ्या आवाजाने नूपुर कानावर हात ठेवते, आणि हात कानावर असले की काडी चालत नाही.

मदतीला पायल होती. ही नूपुरची मामेबहीण, पाचवीत शिकते, आणि नूपुरच्या वाटणीचंही तीच बोलते. चित्रांच्या फळ्यासाठी आवाजही आम्ही तिचाच भरला होता. एका पडद्यावर नऊ चौकोन: वरच्या ओळीत पाणी, भूक, शू. मधल्या ओळीत दुखतंय, आई, बाहेर. खालच्या ओळीत आणखी, झोप आणि नको.

आम्ही मॉनिटर ठेंगण्या टेबलावर ठेवला आणि माझ्या जुन्या कॉम्प्युटरला जोडला. चित्र झकास आलं. पायलने पाण्यावर काडी टेकवली. काहीच नाही.

"बिघडला मॅडम!"

"बिघडला नाही. मागे पाहा, किती वायरी लावल्यास?"

"दोन. एक लाइटची, एक चित्राची."

"चित्राची वायर चित्र घेऊन येते. पण तू हात लावलास ही खबर परत कोण घेऊन जाणार? ती तिसरी वायर पिशवीतच राहिली."

तिसरी वायर लावली. आता पायलने नव्या पडद्यावर पाण्याला काडी लावली आणि पलीकडे माझ्या जुन्या पडद्यावर बाण तुरुतुरु धावला. तिने इकडे डावीकडे लावलं, तर तिकडे डावीकडे. इकडे कोपऱ्यात, तर तिकडे कोपऱ्यात.

"भूत हाय मॅडम याच्यात!"

तेवढ्यात भैय्याजी डोकावले. सत्तरीकडे झुकलेले, खांद्यावर टॉवेल. "काहून वं बोंबलून राहिली? टीव्ही आणला का जी मॅडम? मॅच दिसन का याच्यात?"

"टीव्ही नाही भैय्याजी. नूपुरसाठी आहे."

"असं का," म्हणत ते आले आणि तिथेच स्टुलावर बसले.

भूत वगैरे काही नव्हतं. कॉम्प्युटरला आता दोन पडदे होते आणि स्पर्श नेमका कोणत्या पडद्यावर होतो हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. सेटिंगमध्ये गेलं की तो स्वतःच विचारतो. सगळा पडदा पांढरा होतो आणि त्यावर अक्षरं येतात: हाच टचचा पडदा असेल तर इथे हात लावा. ही अक्षरं आधी जुन्या पडद्यावर आली, आम्ही पुढे ढकलली. मग नव्यावर आली. पायलने काडी टेकवली. बाण जुन्या पडद्यावरून उठून नव्यावर आला आणि काडीच्या टोकाखाली उभा राहिला.

पायलचं तोंड उघडंच राहिलं. "आता याले समजलं?"

"अर्धं. आता नेम शिकवायचा."

नेम शिकवायची रीत सोपी आहे. पडद्याच्या कोपऱ्यांत एकामागून एक फुल्या येतात. फुलीच्या बरोबर मध्यावर टेकवायचं आणि उचलायचं. यंत्र मनाशी बांधून घेतं की या माणसाचं "इथे" म्हणजे हे. मी उभ्याउभ्या वाकून बोटाने सगळ्या फुल्या उरकल्या. मग पायलला नूपुरच्या बसक्या स्टुलावर बसवलं. तिने पाण्याच्या चौकोनात, पेल्याच्या बुडाशी काडी लावली आणि तिचाच आवाज यंत्रातून आला, "मले दुखून राहिलं!"

भैय्याजी इतके हसले की त्यांचा टॉवेल खाली पडला. "पाणी मागतलं तर पोट दुखते म्हणते! याले दवाखान्यात न्या मॅडम."

मी पुन्हा फुल्या केल्या. उभ्याने मला बरोबर, बसून पायलला चूक. असं का, ते माझ्याही लवकर लक्षात आलं नाही. मग नजर दाराबाहेर, भैय्याजींच्या सुईवाल्या जुन्या वजनकाट्यावर गेली.

"पायल, त्या काट्याकडे इथून पाहा. सुई कुठे दिसते? आता जाऊन समोरून पाहा."

ती धावत गेली. "समोरून शून्यावर हाय मॅडम! तिकडून कमी दिसत होती! म्हणजे भैय्याजी बाजूनं पाहतात तवा..."

"ए पोट्टे," भैय्याजी म्हणाले, "माह्या काट्यावर नजर नको लावू."

काच आणि यंत्राची जाणीव, या दोन्हींत करंगळीच्या नखाएवढं अंतर होतं. वरून पाहणाऱ्याला फुली एका जागी दिसते आणि खालून पाहणाऱ्याला जरा सरकलेली. माझ्या उंचीवरून शिकवलेला नेम नूपुरच्या उंचीला कसा चालेल? वर्गात मी इतकी वर्षं पोरांना सांगत आले की तुला कुठून दिसतंय ते आधी सांग. तेच इथेही होतं. मी गुडघे धरत जमिनीवर बसले, डोळे नूपुरच्या डोळ्यांच्या उंचीवर आणले, हातात बोटाऐवजी आइस्क्रीमची काडी घेतली आणि फुल्या पहिल्यापासून केल्या. आता पायलने पेल्याच्या बुडाशी टेकवलं काय नि कडेला टेकवलं काय, दर वेळी पाणीच. भैय्याजींनीही बसक्या स्टुलावर अंग चोरून बसून "भूक" दाबून पाहिलं आणि ते खूश होऊन घरी गेले.

दसऱ्याला सकाळी रस्ता वेगळाच होता. अमरावती रोडवरून पांढऱ्या कपड्यातली माणसं घोळक्याने दीक्षाभूमीकडे चालली होती. गोदामाच्या अंगणात धुतलेले ट्रक हारतुऱ्यांत उभे होते. भैय्याजींनी पहाटेच पूजा उरकली होती. ट्रक, हातगाडी, वजनकाटा, हमालांचे पोती ओढायचे आकडे, सगळ्यांना झेंडू आणि आपट्याची पानं. आणि माझ्या खोलीत मॉनिटरलाही. वरच्या दोन्ही कोपऱ्यांवरून जाडजूड हार टाकलेला, त्याची टोकं दोन्ही बाजूंनी खालपर्यंत लोंबत होती. यंत्र सुरेख दिसत होतं. कालपर्यंत परकं असलेलं यंत्र भैय्याजींनी घरातलं करून टाकलं होतं.

माया नूपुरला घेऊन आली. दोघी पांढऱ्या कपड्यात, इथून त्या पुढे दीक्षाभूमीलाच जाणार होत्या. पायल मागून आली, पण आज तिला मी तोंड उघडायचं नाही अशी ताकीद दिली होती. नूपुर बसक्या स्टुलावर बसली. हारातल्या एका फुलाला काडीने विचारून पाहिलं. मग खिडकी, मग पंखा, मग काळा पडदा.

मी फळा सुरू केला. नऊ चित्रं उजळली. नूपुरने ती सगळी पाहिली, सावकाश, ओळीने. काडी उचलली. मायाने पदर तोंडाला लावला.

"आणखी," यंत्र म्हणालं.

काडी अजून हवेतच होती.

"आणखी. नको. आणखी. आणखी. नको."

कोणीही हात लावलेला नव्हता. पायलचा आवाज एकटाच बोलत सुटला होता. मी घाईने आवाज बंद केला, पण तोवर नूपुरने काडी मागे घेतली होती. तिने ती फ्रॉकच्या खिशात ठेवली, उठली आणि ताडपत्र्यांच्या गठ्ठ्यामागे जाऊन आमच्याकडे पाठ करून बसली.

"झालं मॅडम," माया हळूच म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "जाऊ द्या. तुम्ही लय केलं."

मी फुल्या पुन्हा करून पाहिल्या. पहिल्याच फुलीवर यंत्र गोंधळलं. वायरी काढून लावल्या. बंद करून सुरू केलं. चित्रं आपली आपणच दबत राहिली, डावीकडे आणखी, उजवीकडे नको. काल इतकं शहाणं असलेलं यंत्र रात्रीतून वेडं कसं झालं?

पायलला मात्र दुसरंच दुःख होतं. "माह्या आवाजाचा कचरा केला याने," ती पुटपुटली आणि मायाचा मोबाइल घेऊन पडद्यासमोर जमिनीवर बसली. नूपुरच्या बाबांना पाठवायला तिला निदान हारवाल्या पडद्यासोबत सेल्फी तरी पाहिजे होता. मोबाइल खाली धरून ती मान तिरपी करत होती. मग थांबली.

"मॅडम, मागं लाइटिंग केली का भैय्याजीनं?"

"कसली लाइटिंग?"

"हे काय. जांभळी."

मी वाकून मोबाइलमध्ये पाहिलं. पायलच्या डोक्यामागे, पडद्याच्या काळ्या चौकटीच्या आतल्या कडेला, वरच्या बाजूने टिकल्या लावाव्यात तशी फिक्या जांभळ्या दिव्यांची रांग लागली होती. मी मान वर करून खऱ्या चौकटीकडे पाहिलं. तिथे नुसतं काळं प्लास्टिक. पुन्हा मोबाइलमध्ये, तर दिवे.

मी हे पुस्तकात वाचलं होतं, पोरांना शिकवलंही होतं. आपल्या डोळ्याला दिसतो तेवढाच प्रकाश नसतो, त्याच्या अलीकडेपलीकडेही असतो. फळ्यावर खडूने रेघ ओढून दाखवलं होतं, तांबड्याच्या पलीकडचा हा. पण तो असा रांगेत उभा राहिलेला मी कधी पाहिला नव्हता.

"माया, इकडे ये. हे पाहा."

माया आली. तिघींची डोकी त्या लहानशा मोबाइलवर जमली. मी चौकटीच्या आत बोट नेलं. बोटामागचे दिवे झाकले गेले.

"हा प्रकाश आपल्याला दिसत नाही, मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याला जरासा दिसतो," मी हळू आवाजात म्हणाले. "काचेच्या पुढून त्याचे धागे गेलेत, वरून खाली आणि इकडून तिकडे, कापडाच्या उभ्याआडव्या सुतासारखे. समोरच्या कडेला ते धागे पोचतात की नाही, एवढंच हे यंत्र पाहत बसतं. मध्ये काही आलं तर तिथला प्रकाश पोचत नाही. जिथे उजेड पोचला नाही, तिथे कोणीतरी आहे."

"म्हणजे याले बोट दिसतच नाई?" पायलने विचारलं.

"नाही. फक्त सावली."

पायल मोबाइल धरून बसली होती. तिने तो हळूहळू बाजूला नेला. दिव्यांची रांग डावीकडे सरळ गेली आणि एका जागी तुटली. तिथे झेंडूची फुलं लोंबत होती. उजवीकडेही तसंच. वर पंखा फिरत होता आणि हाराची टोकं झुलत होती. फूल आलं की दिवा विझे, फूल गेलं की लागे.

"हार, मॅडम," पायल कुजबुजली. "हारच बोलून राहिला."

अंकुशने चौकट साफ ठेवा म्हटलं तेव्हा माझ्या मनात धूळ आली होती. फुलं कोणाच्या मनात येतील? मी हार दोन्ही हातांनी उचलून टेबलावर ठेवला. चित्रं एका जागी शांत झाली.

यंत्र बरं झालं होतं. पण ज्या पोरीसाठी ते होतं तिने तिचा एकदाचा प्रश्न विचारून टाकला होता.

माया तिला आणायला उठली. मी तिचा हात धरून खाली बसवलं. पाठ करून बसलेल्या पोराला बोलावलं की त्याची पाठ आणखी ताठ होते, हे मला अनेक पोरांनी शिकवलं आहे. आपण आपलं पाहत राहावं. मी मोबाइल दिवे दिसतील असा टेबलाच्या कडेला एका डब्याला टेकून तिरपा उभा केला आणि आम्ही तिघी दिवे पाहत राहिलो. मी काडी चौकटीतून फिरवली. दिवे काडीमागे जात, पुन्हा येत. माया तर पापणी न हलवता पाहत होती. एवढा उजेड आपल्या नाकासमोर जळतोय आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही.

गठ्ठ्यामागे ताडपत्री करकरली. मी वळून पाहिलं नाही.

नूपुर माझ्या खांद्याशी येऊन उभी राहिली. तिने मोबाइलमध्ये पाहिलं. मग खऱ्या चौकटीकडे. मग मोबाइलमध्ये. मी माझी काडी खाली ठेवली. बऱ्याच वेळाने तिचा हात खिशात गेला. चावलेलं टोक स्वतःकडे, कोरं टोक पुढे, अशी काडी तिने चौकटीच्या कडेला नेली. मोबाइलमधला एक दिवा झाकला. तिने काडी काढली. दिवा लागला. पुन्हा नेली. झाकला. तिच्या घशातून एक बारीक आवाज आला. दूध उतू जाताना येतो तसा.

मग काडी कडेवरून आत गेली, वरच्या ओळीत, पेल्याकडे. काचेला तर ती टेकलीही नाही. नखाएवढं अंतर राहिलं आणि यंत्र म्हणालं, "मले पाणी पाह्यजे."

माया उठली, पिशवीला अडखळली, बाटली काढली, झाकण उघडून पुढे केली. नूपुरने बाटलीकडे पाहिलंही नाही. काडी मागे, पुन्हा पुढे. "मले पाणी पाह्यजे." पुन्हा. "मले पाणी पाह्यजे." प्रत्येक वेळी ती थांबून ऐकत होती. तहान नव्हतीच तिला. इथे विचारलं तर जवाब येतो का आणि तोच येतो का, एवढंच ती तपासत होती. माया एका हातात बाटली नि एका हातात झाकण घेऊन तशीच बसली होती. डोळे पुसायलाही तिचा हात मोकळा नव्हता.

"सोनं घ्या, सोन्यासारखं राहा!" भैय्याजी आपट्याची पानं घेऊन दारातून आत आले आणि थबकले. "अरे! हार काहून काढला जी? सणाच्या दिवशी बोडकं ठेवता का यंत्राले?"

मी सांगणार तोच त्यांनी टेबलावरचा हार उचलला होता आणि दोन्ही हातांनी पसरून ते चौकटीवर टाकायला वाकले होते.

नूपुरने हाराकडे पाहिलं. मोबाइलमधल्या दिव्यांकडे पाहिलं. काडी खालच्या ओळीत, उजव्या कोपऱ्यात गेली.

"नको."

भैय्याजी तसेच वाकलेले राहिले. "काहून वं पायल, नको काहून?"

पायलने दोन्ही हात तोंडावर गच्च दाबले होते. तिने नुसती मान हलवली.

"मंग कोण बोललं?"

काडी मागे आली आणि पुन्हा त्याच कोपऱ्यात गेली, या वेळी काचेला टेकली.

"नको."

भैय्याजींची नजर काडीवरून हातावर, हातावरून पोरीच्या तोंडावर गेली. त्यांनी हार छातीशी धरला. एवढा मोठा गडी, पण आवाज अगदी लहान झाला होता. "बरं माय. नाई घालत. तू म्हणतेस तर नाई घालत."

ते उलट्या पावलांनी दारापर्यंत गेले, हार घेऊन अंगणात उतरले आणि त्यांनी तो वजनकाट्याच्या आधीच्या हारावर टाकला. नूपुर त्यांच्याकडे पाहत होती, ते पार बाहेर जाईपर्यंत, हार हातातून सुटेपर्यंत.

मग तिने काडीचं टोक डोळ्यांजवळ आणलं आणि बराच वेळ ते निरखून पाहिलं.